मदत हवी आहे: खुडूक कोंबडी जखमी झाली, १८व्या दिवसाची ६ अंडी थर्माकोलच्या डब्यात आहेत, पुढे काय करू?

धागाकर्ती, मंगळवार रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, घाईघाईत लिहितेय, कोणी अंडी उबवलेली असतील तर प्लीज वाचा.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो, रो हाऊस आहे, मागे थोडी मोकळी जागा आहे आणि तिथे दोन वर्षांपासून तीन गावरान कोंबड्या नि एक कोंबडा आहे. खाण्यासाठी नाहीत, घरातल्याच आहेत. त्याआधी माझ्या लेकीने (आता ८ वर्षांची आहे) रस्त्यावर विकतात ना ती गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं हट्टाने घेतली होती, चार दिवसांत दोन्ही गेली, ती इतकी रडली की शेवटी सासूबाईंनी वेल्ह्याकडच्या आमच्या गावाहून चांगली धडधाकट गावरान पिल्लं आणून दिली. त्यातलीच चिंगी.

तर चिंगी यंदा पहिल्यांदा खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायला लागली. पिसं फुलवून बसायची, हात नेला की टोचायची, दिवसातून एकदाच दाण्याला उठायची. सासूबाई फोनवर म्हणाल्या बसव तिला रवणाला (अंडी उबवायला), पण थंडी आहे, पोटाखाली मावतील तेवढीच ठेव. नऊ अंडी ठेवली, शुक्रवारी संध्याकाळी. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं, आठांत लाल शिरांचं जाळं स्पष्ट दिसलं, लेक तर श्वास रोखून बघत होती, एक कोरं निघालं ते काढून टाकलं.

काल म्हणजे सोमवारी पहाटे खुराड्याच्या दाराखालच्या फटीतून मुंगूस शिरलं. कोंबडा ओरडला तेव्हा आम्हाला वाटलं आरवतोय. साडेसहाला मी गेले तर चिंगी कोपऱ्यात रक्ताने माखलेली, पंखाखाली नि पाठीवर जखमा, दोन अंडी फोडून खाल्लेली आणि उरलेली सहा गार पडलेली. पहिल्या दवाखान्यात कोंबडीला कशाला टाके घालायचे, दुसरी आणा म्हणाले, मला तिथेच रडू आलं. दुसऱ्या डॉक्टरांनी नीट बघितलं, जखम धुतली, टाके घातले, इंजेक्शन दिलं. आता ती घरात खोक्यात आहे, खातेय थोडं थोडं, पण डॉक्टर म्हणाले दोन-तीन दिवस तरी अंड्यांवर बसवू नका, टाके ताणतील.

अंडी मात्र आम्ही तासाभरात थर्माकोलच्या डब्यात ठेवली. घरात सगळे एलईडी, ते तापतच नाहीत, जुना पिवळा ४० वॅटचा बल्ब मिळायला तीन दुकानं फिरलो. तळाला टॉवेल, वाटीत पाणी, आणि ताप बघायचा थर्मामीटर. कधी ३६ दाखवतो कधी ३९ च्या वर जातो, मग मी झाकण उघडते, मग परत खाली येतो, दोन रात्री हेच चाललंय. गार पडल्यामुळे आतली पिल्लं गेली असतील का, अंडी अजून फिरवायची का, आणि सासूबाई म्हणतायत कोमट पाण्यात सोडून बघ, हलली तर जिवंत, ते करू का? शिवाय परवा गुरुवार, आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते.

प्रतिसाद १, मंगळवार रात्री १२:१०

ताई आधी श्वास घ्या. दीड-दोन तास गार पडल्याने एवढ्या मोठ्या झालेल्या पिल्लांना सहसा काही होत नाही, शेवटच्या आठवड्यात ती स्वतःची ऊब तयार करायला लागलेली असतात. खरी भीती जास्त तापण्याची आहे. गार सोसतात, ४० च्या वर गेलं की फार लवकर मरतात. त्यामुळे चुकायचंच तर खालच्या बाजूला चुका.

थर्मामीटर कुठे ठेवलाय ते बघा. तुमच्या डब्यात पंखा नाही म्हणजे वर गरम नि खाली गार असणार, अंड्याच्या वरच्या टोकाच्या उंचीला मोजा, तिथे ३८.५ च्या आसपास हवं (पंखा असता तर ३७.५ पुरलं असतं). तापाच्या थर्मामीटरवर विसंबू नका, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तिथे छोटा थर्मोस्टॅट मिळतो, प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) अंड्यांपाशी लावायचा, बल्ब आपोआप चालू-बंद होतो. आणि डब्याला पेन्सिलीने भोकं पाडलीत का? नसतील तर आत्ता पाडा, पिल्लं कवचातून श्वास घेतात.

अंडी फिरवणं बंद. १८व्या दिवसानंतर पिल्लू बाहेर यायच्या पोझिशनला वळतं, आता हलवायचं नाही. ओलावा मात्र वाढवा, आधी ५०-५५ टक्के चालतो, शेवटचे तीन दिवस ६५-७० लागतो. वाटीपेक्षा पसरट ताटलीत ओला स्पंज ठेवा, पाणी किती खोल आहे त्यापेक्षा किती पसरलंय ते महत्त्वाचं.

प्रतिसाद २, बुधवार सकाळी ७:०५

पाण्याचं आमच्याकडेही करतात, माझी आजी करायची आणि तिचं कधी चुकलं नाही. पण आजी रोज हात लावून अंडी ओळखायची. तुम्ही नका करू असं माझं मत. एखाद्याला बारीक टोच पडलेली असली (पिल्लाने आतून चोचीने कवच फोडलेलं असलं) आणि दिसली नाही तर पिल्लू आतच बुडेल. त्यापेक्षा टॉर्चने बघा. जिवंत असेल तर बोथट टोकाला हवेची रिकामी जागा दिसते, बाकी सगळं काळं, आणि त्या रेषेपाशी काहीतरी हललेलं दिसतं. नासलेलं असेल तर आत पाणी डुचमळल्यासारखं होतं, ते लगेच काढा, फुटलं तर घाण बाकीच्यांना लागेल.

धागाकर्ती, बुधवार रात्री ९:३०

दोघांचेही मनापासून आभार. हे ऑफिसातून येताना बुधवार पेठेतून थर्मोस्टॅट घेऊन आले, शेजारच्या दादांनी जोडून दिला, आता ३८.२ ते ३८.७ मध्येच राहतंय, काल रात्री असं असतं तर मी झोपले तरी असते. भोकं नव्हतीच, पाडली.

पाण्याचं सासूबाईंना समजावून सांगितलं, त्या म्हणाल्या बरं, टोच पडायच्या आत करायचं असतं ते, आता उशीर झाला असेल तर नको. टॉर्चने बघितलं, पाचांत हालचाल आहे, सहावं डुचमळतंय ते काढलं. आणि एक गोष्ट सांगायचीच आहे, चिंगीचं खोकं डब्याच्या शेजारीच ठेवलंय आणि ती अधूनमधून तोच खुडूक आवाज काढते, कुक कुक कुक असा हळू, म्हणजे ती अजून विसरलेली नाही ना?

प्रतिसाद ३, बुधवार रात्री १०:१५

नाही विसरलेली. तो आवाज चालू आहे तोवर ती आई आहे. खोकं तिथेच राहू द्या, पिल्लं आतून ऐकतात आणि शेवटच्या दिवशी उत्तरही देतात. उद्या रात्री अंडं हळूच कानाशी धरून बघा.

गुरुवारसाठी: प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरायचं, हाताला सोसेल एवढंच, फडक्यात गुंडाळायच्या आणि अंड्यांच्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या, डब्यावर गोधडी टाकायची, भोकं मोकळी ठेवून. तासाभराने एक-एक बाटली बदलायची, दोन्ही एकदम नको. झाकण उगाच उघडायचं नाही.

धागाकर्ती, गुरुवार रात्री ११:५५

लाइट सकाळी दहाला गेली ती चारला आली. सुट्टी टाकली होती, बाटल्या बदलत बसले, ३६.५ च्या खाली गेलं नाही. दुपारी एकच्या सुमाराला एका अंड्याला टोच पडलेली दिसली!! आतून चिवचिव स्पष्ट ऐकू येतेय, लेकीला शाळेतून आल्यावर दाखवलं तर ती डब्यापाशी बसून त्याला शाळेत काय झालं ते सांगत होती.

पण आता अकरा तास झाले आणि ते तेवढंच आहे, एक छोटं भोक, पुढे काहीच नाही. दुसऱ्या अंड्यालाही चीर गेलीय. चिमट्याने थोडं कवच काढून मदत करू का? मला नुसतं बघत बसवत नाहीये.

प्रतिसाद १, शुक्रवार रात्री १२:०५

नको नको ताई, चिमटा ठेवून द्या. टोच पडल्यापासून बाहेर येईपर्यंत २४ तास लागू शकतात, ते थकून पडलेलं नसतं, आतलं काम चालू असतं. उरलेला पिवळा बलक त्याच्या पोटात ओढला जातो आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या रिकाम्या होतात. त्याआधी कवच ओढलं तर रक्त येतं आणि पिल्लू जातं, माझ्या हातून असं झालंय, म्हणून एवढं ठासून सांगतोय. २४ तास उलटले, आवाज क्षीण झाला आणि पापुद्रा कागदासारखा सुका पांढरा दिसायला लागला तरच कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने तो ओला करायचा, चोचीचं भोक सोडून.

धागाकर्ती, शनिवार सकाळी १०:२०

चार आली! पहिलं शुक्रवारी सकाळी सव्वासहाला, म्हणजे टोच पडल्यापासून सतरा तासांनी. आधी गोल चीर गेली टोपी कापल्यासारखी, मग पायाने ढकलून एकदम बाहेर, ओलंचिंब, मान टाकून पडलं तर मला वाटलं गेलंच, पण दोन तासांत सुकून कापसाचा गोळा झाला. लेकीला एक दिवस शाळेला दांडी मारू दिली. लगेच खायला घालायची घाई केली नाही, पोटातल्या बलकावर दोन दिवस निघतात हे कुणीतरी दुसऱ्या धाग्यावर लिहिलेलं आठवलं.

पाचवं नाही आलं. त्याने निमुळत्या टोकाला टोच मारली होती, उलटं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आवाज येत होता, रात्री थांबला. मी तुम्ही सांगितलं तसं थांबले होते, आणि आता सारखं वाटतंय की या एकाच्या बाबतीत थांबायला नको होतं का. परसातल्या शेवग्याखाली पुरलं.

अजून एक, चारातल्या एकाचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात, उभंच राहता येत नाही. मी डब्यातून काढून पेपरवर ठेवली होती, त्याने झालं का?

प्रतिसाद ३, शनिवार सकाळी ११:००

उलट्या पिल्लाला हवेची जागा दुसऱ्या टोकाला राहते. काही तरीही निघतात, बरीच निघत नाहीत, खुद्द कोंबडीखालीही असंच होतं. कधी हात घालायचा ते इतकी वर्षं पाळणाऱ्यांनाही नेमकं कळत नाही हो. मी तुमच्या जागी असते तर मीही थांबलेच असते.

पाय पेपरमुळेच फाकले असणार, गुळगुळीत असतो, पाय घसरतात. पेपर काढा, जुना टॉवेल किंवा तूस टाका. बँडेडची बारीक पट्टी घेऊन दोन्ही पायांना अशी बांधा की पाय अंगाखाली सरळ राहतील, मध्ये साधारण बोटाच्या रुंदीएवढं अंतर ठेवा, चालता आलं पाहिजे. दोन-तीन दिवसांत सुधारतं, पण आजच करा, हाडं घट्ट झाली की उपयोग नाही. पाण्याचं भांडं उथळ, त्यात गोट्या टाका म्हणजे बुडणार नाहीत. दाणा पहिले दोन दिवस मक्याचा बारीक भरडा, मग चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य).

बल्बखाली पहिला आठवडा ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण आकड्यांपेक्षा पिल्लांकडे बघा, बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय. आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर आज रात्री चिंगीला द्याच. पूर्ण अंधार झाल्यावर, एक-एक करून, तिच्या पोटाखाली मागून सरकवायचं. सकाळी उजाडताना मात्र तिथे हजर राहा, टोचायला लागली तर लगेच काढून घ्या.

प्रतिसाद ४, शनिवार दुपारी १:४०

नुसता वाचत होतो, दोन गोष्टी. खुराड्याला अर्धा इंची वेल्डेड जाळी लावा, ती षटकोनी कोंबडीजाळी नको, ती फक्त कोंबड्या आत ठेवते, मुंगूस-मांजराला अडवत नाही. जाळी फूटभर जमिनीत गाडा, मुंगूस उकरतं. आणि ते परत येणार, त्याला जागा कळलीय. दुसरं, लस. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी रोगाची लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून देतात, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची. बाटली मोठी येते आणि एकदा मिसळली की काही तासांत संपवावी लागते, चार पिल्लांसाठी परवडत नाही, म्हणून जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ज्या दिवशी इतरांची पिल्लं येतात त्या दिवशी न्या. बर्फात ठेवूनच न्यायची-आणायची.

लेकीला सांगा, पिल्लांना हात लावला की साबणाने हात धुवायचे, तोंडाजवळ न्यायची नाहीत.

धागाकर्ती, पुढच्या मंगळवारी रात्री ८:१५

उशिरा लिहितेय, सॉरी. शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांनी चिंगीला बघून परवानगी दिली. रात्री दहाला दिवे घालवून आम्ही तिघं खोक्यापाशी बसलो, ह्यांनी पहिलं पिल्लू सरकवलं, ती जराशी उठली, मान वळवून बघितलं आणि पंख पसरून परत बसली. चारही गेली. सकाळी साडेसहाला तिच्या दुखऱ्या पंखातून एक डोकं बाहेर होतं आणि ती भरडा चोचीत उचलून खाली टाकत होती, खा म्हणून. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या, काही बोलल्या नाहीत, डोळे पुसत होत्या.

फाकलेले पाय आज सकाळी पट्टी काढली तेव्हा सरळ झालेले आहेत, थोडं लंगडतं पण बाकीच्यांच्या मागे पळतं. जाळीचं काम रविवारी झालं, फूटभर गाडलीय. लस गुरुवारी आहे, दवाखान्यात विचारून ठेवलंय. पिल्लं दिवसभर खोलीत चिंगीबरोबर असतात, खुराड्यात अजून महिनाभर तरी पाठवणार नाही.

थर्माकोलचा डबा, थर्मोस्टॅट आणि पिवळा बल्ब आता लागत नाहीये. कोणाची कोंबडी अर्ध्यात उठली असेल तर सांगा, धायरीतून घेऊन जावं लागेल, पैसे नकोत.