हडसन हॉर्नेटचा क्लच कोरडा नसतो

१९५१ ते १९५४च्या हडसन हॉर्नेट या अमेरिकी गाडीचा क्लच झटके देतो, म्हणून प्लेट बदलायची का, असा प्रश्न आहे. थांबा, आधी तेल बघा. हा क्लच ओला आहे. त्याच्या प्लेटवर कॉर्कचे तुकडे असतात आणि ते तेलातच चालतात. तेल संपलं की कॉर्क जळतं, तेल घट्ट झालं की क्लच सुटत नाही आणि गिअर टाकताना करकर होते.

फ्लायव्हीलखालचं (इंजिनामागच्या जड चाकाखालचं) झाकण काढा, फ्लायव्हीलचा प्लग समोर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवा आणि जुनं तेल निथळून टाका. काळं, चिकट असेल तर रॉकेल भरून इंजिन आयडलला ठेवा, पेडल दाबत-सोडत राहा, मग तेही पूर्ण काढा. नवं तेल फक्त १/३ पिंट, म्हणजे साधारण १६० मिली. हडसनाइट, म्हणजे हडसनचं खास क्लच ऑइल, मिळत नसेल तर बरेचजण टाइप एफ ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल वापरतात. इंजिन ऑइल मात्र अजिबात नको.

दुसरं, ३०८ घन इंचाचं सहा सिलिंडरी इंजिन उघडणारच असाल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरकडे (सिलिंडरच्या आतल्या भिंतीकडे) जाणारी चीर चुंबकीय तपासणीत शोधा. बोअरिंगचा खर्च त्यानंतरच. १९५२मध्ये नास्कार या अमेरिकी मोटार शर्यत मालिकेच्या ३४पैकी २७ शर्यती याच इंजिनाने जिंकल्या, तेव्हा मूळ ब्लॉक वाचवण्यासाठी धडपड करावीच.

आणि मागच्या चाकांबाहेरून जाणाऱ्या चॅसीच्या पट्ट्या हातोडीने ठोकून बघा. गंज आतून लागतो.