दातावर खडा (टूथ जेम): पार्लरमध्ये लावणं कितपत सुरक्षित?

रंगरेषा

नेल आर्टच्या कामासोबत टूथ जेम सुरू करायचा विचार आहे, मागणी भरपूर आहे. ऑनलाइन किट मागवलं. त्यात निळ्या एचिंग जेलची (आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करणाऱ्या) सिरिंज (३७% फॉस्फोरिक आम्ल असं छापलंय), नुसतं 'बाँड' लिहिलेली ५ मिलीची बाटली (घटक कुठेच दिलेले नाहीत), पेनाएवढा ३९५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च, ओठ फाकवायचं प्लास्टिकचं रिट्रॅक्टर आणि १.८ व २.२ मिमीचे खडे आहेत.

आम्लाने दात कायमचा खराब होतो का? नखांचा दिवा किंवा हा टॉर्च चालेल का? खडा किती टिकतो? आणि काढायचा कसा? माहितीपत्रकात लावायच्या आठ पायऱ्या सचित्र दिल्यात, काढण्याबद्दल मात्र एक ओळ नाही.

बत्तिशी

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, पण आधी आम्लाचं सांगतो, कारण लोक घाबरतात ते नेमकं त्यालाच.

३७% फॉस्फोरिक आम्ल दवाखान्यात रोज वापरलं जातं. तारा लावताना प्रत्येक दाताला ते लागतं. १५ ते ३० सेकंद ठेवलं की इनॅमलचा (दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाचा) वरचा साधारण १० मायक्रॉनचा थर विरघळतो आणि खाली सूक्ष्म खाचा उघडतात. त्या खाचांत पातळ रेझिन (प्रकाशाने घट्ट होणारा चिकट द्रव) शिरून घट्ट होतं, त्याच्या जोरावर खडा टिकतो. पुढच्या दातांच्या मधल्या भागात इनॅमल जवळजवळ मिलिमीटरभर जाड असतं, तेव्हा १० मायक्रॉन ही काळजीची गोष्ट नाही. पण हिरडीकडे इनॅमल पातळ होत जातं आणि हिरडी खाली सरकली असेल तर मुळाचा भाग उघडाच असतो. जेल तिथे ओघळलं की सणक बसते. हिरडीला लागलं तर पांढरा चट्टा पडतो, तो काही दिवसांत भरतो. डोळ्यात उडालं तर मात्र गंमत नाही, म्हणून गिऱ्हाईक आणि लावणारा, दोघांनाही चष्मा हवा.

पद्धत अशी. आधी साध्या प्युमिसने (दगडाच्या बारीक पुडीने) दात घासायचा. फ्लोराइडवाली किंवा तेलकट पेस्ट नको, तिचा थर राहिला की एचिंग नीट होत नाही. रिट्रॅक्टर आणि कापसाचे बोळे लावून दात कोरडा करायचा. जेल फक्त खड्याच्या आकारापेक्षा किंचित मोठ्या जागी, ३० सेकंद. मग १५-२० सेकंद पाण्याचा फवारा आणि कोरडी हवा. आता दात खडूसारखा पांढुरका दिसला पाहिजे, चमकत असेल तर एचिंग झालेलं नाही. त्यावर बाँडिंगचा पातळ हात, हलकी हवा, १० सेकंद प्रकाश. मग फ्लोएबल कंपोझिटचा (दात भरायच्या पातळ मिश्रणाचा) मोहरीएवढा थेंब, खडा हलकेच दाबायचा, कडेने बाहेर आलेलं कंपोझिट ब्रशने खड्याच्या कडेशी उतरतं करायचं आणि पुन्हा प्रकाश.

यात सगळ्यात जास्त वेळा बिघडतो तो कोरडेपणा. एच केलेल्या जागी एकदा जीभ फिरली किंवा ओठ टेकला की त्या खाचा लाळेतल्या प्रथिनांनी बुजतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, खडा बसतोही, आणि तीन दिवसांनी जेवताना गळतो. लाळ लागली तर धुऊन, वाळवून पुन्हा १० सेकंद एच करायचं, पुसून पुढे जायचं नाही. तोंडाने फुंकर मारून वाळवणाऱ्यांचे व्हिडिओ बघितलेत. फुंकरीत वाफ असते.

हे सगळं जमलं तर खडा सहा महिने ते दोन-एक वर्षं टिकतो.

आता काढणं. खडा कधीच नखाने, चिमट्याने किंवा नेल ड्रिलने काढायचा नसतो. तारांचे ब्रॅकेट (दातावर चिकटवलेले छोटे तुकडे) काढायची पक्कड खड्याच्या कडांवर, अगदी दाताशी लावून दाबायची. बहुतेक वेळा जोड कंपोझिटमध्येच तुटतो आणि थोडं कंपोझिट दातावर उरतं. ते दंतवैद्याच्या कमी वेगाच्या हँडपीसवर (ड्रिलवर) १२ पात्यांच्या टंगस्टन कार्बाइड बरने (फिरत्या टोकाने), ब्रश फिरवल्यासारख्या हलक्या हाताने उतरवायचं. दात ओला असेल तर उरलेलं कंपोझिट त्याच्या रंगात मिसळून जातं, म्हणून अधूनमधून हवेने वाळवून बघायचं: इनॅमल चकाकतं, कंपोझिट मंद दिसतं. नेल ड्रिलचा डायमंड बिट इथे लावला तर इनॅमलवर चरे पडतात, आणि ते चरे पुढे चहाचे डाग धरतात. शेवटी जाड ते बारीक अशा क्रमाने डिस्क, पॉलिश आणि ५% सोडियम फ्लोराइडचं वॉर्निश.

म्हणजे नुकसान होतं ते बहुधा उतरवताना, आणि त्याचीच सोय तुमच्या किटमध्ये नाही.

दिवाबत्ती

दिव्याबद्दल मी लिहितो.

दातांच्या बहुतेक कंपोझिटमध्ये कॅम्फरक्विनोन असतं, प्रकाश पडला की रेझिन घट्ट करणारं रसायन. त्याला लागतो निळा प्रकाश, साधारण ४६८ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त. नखांचे दिवे ३६५ ते ४०५ चे. तुमचा ३९५ चा टॉर्च कंपोझिटवर मारला तर वरची साय धरते, आत चिकट राहतं. बोटाने हलवून बघितलं तर 'बसलाय' असंच वाटतं. फसगत इथे होते. काही रेझिनांत त्याच कामाचा, पण ४०० च्या खालच्या प्रकाशाला दाद देणारा टीपीओ असतो, त्यांना हा टॉर्च कदाचित पुरेल. पण बाटलीवर घटकच नाहीत म्हटल्यावर आत काय आहे हे कळायचं कसं? (अवांतर: युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत टीपीओला बंदी घातली. नखांच्या जेलच्या डब्यांवर म्हणूनच हल्ली 'टीपीओ-मुक्त' दिसतं.)

अर्धवट धरलेल्या रेझिनचा तोटा नुसता खडा गळण्याएवढा नाही. न धरलेला मोनोमर (रेझिनचा कच्चा घटक), विशेषतः हेमा नावाचा, ओठाच्या आतल्या त्वचेला लागत राहतो आणि त्याची अॅलर्जी होऊ शकते. आणि रंगरेषाताई, गिऱ्हाइकापेक्षा जास्त धोका तुम्हाला आहे. त्याला तो थेंब वर्षातून एकदा लागतो, तुमच्या बोटांना रोज. हेमा साध्या हातमोज्यांतून काही मिनिटांत आरपार जातो. एकदा अॅलर्जी बसली की सहसा जात नाही, आणि मग नेल जेलही बंद आणि स्वतःचा दात भरताना डॉक्टरचीही पंचाईत. मोजा चिकट झाला की लगेच बदला, त्याच मोज्याने बाटलीचं झाकण उघडू नका.

काही किटमधला 'बाँड' म्हणजे चक्क सायनोअॅक्रिलेट निघतो, म्हणजे फेविक्विकचा भाऊबंद. ओळखायची खूण: प्रकाश न दाखवताच ओलाव्याने धरतो, आणि वास डोळ्यांना झोंबतो. शस्त्रक्रियेत जखम चिकटवायला वापरतात तो ब्युटाइल किंवा ऑक्टाइल प्रकार, दुकानात मिळतो तो इथाइल. हा लाळेत हळूहळू विघटित होतो आणि त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइडही सुटतं. धरताना गरमही होतो. खडा आठवड्या-दोन आठवड्यांत जातो आणि मागे गोंदाची खरखरीत कड उरते, तिच्यावर कीटण बसतं.

खडेघाट

खड्यांचं कुणी बोललंच नाही.

काचेच्या सपाट खड्याला मागून चमकीचा थर असतो आणि त्यावर लाखेसारखा लेप. प्रकाश त्यातून खाली जात नाही. म्हणून समोरून ४० सेकंद दिवा मारून उपयोग नाही, चारही बाजूंनी तिरपा धरून प्रत्येकी १० सेकंद द्यावे लागतात. सोन्याच्या पत्र्याचंही तेच. कंपोझिटने कड पूर्ण बंद झाली नाही तर लाळ मागे शिरते, चमकी काळी पडते आणि खडा किडलेल्या दातासारखा दिसतो. गिऱ्हाईक 'दात किडला' म्हणून धावत येतं.

'हॉटफिक्स' खडे अजिबात घेऊ नका. ते ब्लाउजवर इस्त्रीने चिकटवायचे, मागे वितळणारा गोंद असतो. रेझिन खड्याला नाही, त्या गोंदाला धरतं, आणि जोड कच्चा राहतो.

शिसं: जुन्या पद्धतीच्या क्रिस्टल काचेत शिशाचं ऑक्साइड २४ टक्के आणि वरही असायचं. तोंडात ठेवायची वस्तू शिसेविरहितच हवी, आणि ते पाकिटावर लिहिलेलं हवं. सुट्या पुडीतल्या खड्याला विक्रेता कुठलंही नामांकित नाव लावतो.

सोनं घ्यायचं तर १८ किंवा २२ कॅरेट. 'एक ग्राम सोनं' म्हणजे पितळेवर मुलामा. लाळेत मुलामा उडाला की तांबं हिरवं पडतं, आणि खाली निकेल असेल तर कानातल्याने खाज येणाऱ्यांना ओठाला त्रास होतो. कृत्रिम दागिने सहन होतात का हा प्रश्न आधीच विचारून टाका.

रंगरेषा

इतकं सविस्तर अपेक्षित नव्हतं, आभार. मग असं केलं तर? आठवड्यातून एक दिवस डेंटिस्ट बोलवायचे, लावायचं काम त्यांनी करायचं, मी फक्त डिझाइन आणि खडे. आणि कुणाला 'नाही' म्हणायचं?

बत्तिशी

लावणं आणि काढणं दोन्ही तेच करणार असतील तर चांगली सोय आहे. दातावर आम्ल लावून काही चिकटवणं हे दंतवैद्यकाचंच काम आहे. येणाऱ्यांचा राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक बघून घ्या. पण खुर्ची, सक्शन, कोरडी हवा आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) पार्लरमध्ये आणण्यापेक्षा गिऱ्हाईक दवाखान्यात पाठवणं बहुधा स्वस्त पडेल. पार्लरमधल्या निळ्या दिव्याच्या पेटीला 'स्टरिलायझर' म्हणतात, पण तिने लाळ-रक्त लागलेली हत्यारं निर्जंतुक होत नाहीत. त्याला १२१ अंशांवर १५ मिनिटं किंवा १३४ वर ३ मिनिटं दाबाखालची वाफ लागते. किटमधलं प्लास्टिकचं रिट्रॅक्टर त्यात वितळेल, म्हणजे ते एकदा वापरून फेकायचं.

नाही कुणाला म्हणायचं: क्राऊन (दातावरची टोपी) किंवा व्हिनिअर (पुढून चिकटवलेला पातळ पापुद्रा) असलेल्या दाताला. पोर्सेलिनला फॉस्फोरिक आम्लाने खाचा पडत नाहीत, त्याला हायड्रोफ्लुओरिक आम्ल आणि सिलेन (जोड पक्का करणारं रसायन) लागतं, आणि खडा काढताना क्राऊनची झिलई जाते ती वेगळीच. किडीचे पांढरे डाग असलेल्या दाताला नाही. हिरडीतून रक्त येत असेल तर आधी उपचार. लहान मुलांना नाही. ब्लीचिंग केलं असेल तर दोन आठवडे थांबायचं, कारण दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनला धरू देत नाही. लग्नाच्या गडबडीत नेमकं हेच उलटं होतं, सोमवारी ब्लीचिंग आणि बुधवारी खडा.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडची गिऱ्हाइकं असतील तर दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत का बघा. तिथल्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या मर्यादेच्या वर जातं. अशा इनॅमलला आम्ल दाद देत नाही, आणि फ्लोरोसिस (फ्लोराइडने दातांत आलेला हा बिघाड) जास्त असेल तर खड्यासोबत इनॅमलचा कपचाही निघतो.

दात कुठला: वरचा सुळा किंवा त्याच्या शेजारचा पटाशीचा. खालच्या दातांच्या बाहेरच्या अंगावर वरचे दात घासतात, तिथे नको. खालचा जबडा पुढे असलेल्यांचं याच्या उलट असतं, म्हणून दात मिटायला सांगून बघायचंच. जागा दाताच्या उंचीचे तीन भाग केले तर मधल्या भागात, हिरडीपासून किमान २ मिमी लांब. ओठ वर जाऊन सुळा जास्त दिसतो म्हणून लोक खडा हिरडीजवळ मागतात. ऐकू नका.

ताराबंद

बत्तिशींना अनुमोदन, एक भर. तारा लावलेल्यांत ब्रॅकेटच्या कडेला पांढरे डाग महिन्याभरातही दिसू लागतात, जर घासणं नीट नसेल तर. खड्याचं गणित तेच, फक्त आकार लहान. घासताना ब्रश खड्याच्या वरून ४५ अंशांत आणि मग खालून, दोन्हीकडून फिरवायला सांगा. १००० ते १४५० पीपीएम फ्लोराइडची साधी पेस्ट पुरते. व्हाइटनिंग पेस्ट आणि मिश्री, दोन्हींनी काच घासून मंद होते. पहिला दिवस चिक्की, ऊस, कणीस दाताने तोडायचं नाही. दात स्वच्छ करून घेताना डॉक्टरला खडा दाखवायचा, अल्ट्रासोनिक टोक त्यावर फिरलं की जोड खिळखिळा होतो.

सुटून गिळला गेला तर २ मिमीचा खडा शौचावाटे जातो. ठसका लागला, खोकला थांबत नाही किंवा श्वासात शिट्टीसारखा आवाज यायला लागला तर तो श्वासनलिकेत गेला असेल, थेट रुग्णालय. भूल द्यायच्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला खडा आहे हे सांगायचं. अर्धा सुटलेला खडा घरी गोंद लावून परत बसवायचा नाही.

रंगरेषा

ठीक, काम दवाखान्याकडे. किट परत घेत नाहीयेत. जेलच्या सिरिंजचं काय करू? मोरीत ओतू का?

दिवाबत्ती

प्लास्टिकच्या वाडग्यात थोडं पाणी घ्या, जेल त्यात सोडा आणि चमचा चमचा खायचा सोडा घालत जा. फेस यायचा थांबला की भरपूर पाण्याबरोबर ओता. मोजे आणि चष्मा घालून. आणि वाडगा कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवू नका, संगमरवरावरही नाही. दोन्ही चुन्याचे दगड, एक थेंब सांडला तरी पांढरा डाग कायमचा.