मदत हवी आहे: खासदारांनी कशावर काय मत दिलं, ते कसं शोधायचं?
नमस्कार मंडळी. आमचे खासदार मागच्या बाकावरचे, टीव्हीवर क्वचितच दिसणारे. गावच्या वाचनालयात लावायला त्यांच्या कामाचा खरा हिशेब एका कागदावर मांडायचा आहे.

प्रश्नांचं जमलं. लोकसभेच्या संकेतस्थळावर तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न सदस्याच्या नावाने उत्तरासकट सापडतात. अडलंय ते मतदानाशी. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यात कोण काय म्हणालं याची नोंदच राहत नाही. मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवणारं मतदान, मागितली तरच कळतं. शिवाय १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप (कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश) मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, मग ते मत त्यांचं स्वतःचं म्हणावं का? मला तरी विचारलेले प्रश्न जास्त बोलके वाटतात. तरीही मतविभागणीची सदस्यनिहाय यादी कुणी जुन्या कामकाजातून काढली आहे का?

दुसरं, खासदार निधी. वर्षाला ५ कोटी. काम खासदार सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. आमच्या फाट्यावरच्या एसटी निवाऱ्याच्या पाटीवर निधीचं नाव अजून वाचता येतं, पण वर्ष आणि रक्कम गंजून गेली आहे. वरचा अर्धा पत्रा उडालाय. म्हातारी माणसं पावसात पिशवी डोक्यावर धरून उभी राहतात, बघवत नाही. या कामाचा खर्च किती झाला आणि देखभाल कुणाकडे, हे माहिती अधिकारात विचारायचं आहे. अर्ज जिल्हा नियोजन कार्यालयात करू की बांधकाम विभागात? कुणी असा अर्ज केला असेल तर मजकूर कृपया इथे टाका.