प्रतिसाद: पट्टीचा पोहणारा आणि पावसाळ्यातलं कळंगुट
वर कोणी लिहिलंय की पट्टीच्या पोहणाऱ्याला पावसाळ्यात गोव्यात कळंगुटच्या किनाऱ्यावर काय भीती. अहो, ओढीत (किनाऱ्यापासून समुद्रात खेचणाऱ्या प्रवाहात) तेही दमतात, कारण सरळ किनाऱ्याकडेच हात मारत बसतात. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गुळगुळीत दिसतो, लोक नेमके तिथंच उतरतात शांत आहे म्हणून, आणि परतीचं पाणी तिथूनच आत समुद्रात जातं. सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहा, नाहीतर नुसतं तरंगत हात वर करा.

आणि समुद्राचंच काय, चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) बंद खाणी पावसात भरतात त्या जास्त वाईट, काठ सरळ कापलेला, धरायला काही नाही, लाइफगार्ड तर नाहीच. कोणी बुडत असेल तर त्याच्यामागे उडी टाकू नका, दोरी, रिकामा कॅन, काहीही फेका नि 112 लावा. बाहेर काढल्यावर पोट दाबू नका (आपल्याकडे हे हमखास करतात), श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास, मग छाती दाबायची.