उंबरातलं केंबरं परजीवी की सोबती? तक्त्यात कुठल्या पातळीवर दाखवू?

प्रश्न : खडू_फळा

नववीच्या मुलांसाठी सजीवांमधल्या नात्यांवर प्रकल्प बसवतोय. शाळेच्या आवारात एक जुना उंबर आहे, तोच घ्यायचा विचार आहे. एका पुस्तकात उंबर आणि केंबरं (उंबरात वाढणारे बारीक पंखवाले किडे) यांचं नातं सहोपकारितेखाली, म्हणजे दोघांच्या फायद्याचं असं दिलंय. दुसऱ्यात म्हटलंय की केंबरू फुलात अंडी घालतं, अळी ते फूल खाते, म्हणजे परजीवी. पेशी, ऊती, अवयव, जीव, जीवसंख्या, समुदाय, परिसंस्था असा तक्ता करायचाय. त्यात हे नातं नक्की कुठं बसतं? शिवाय केंबरं बाहेर येताना मुलांना दाखवायची आहेत. बरणीत ठेवलेली फळं दोनदा नुसती कुजली.

रानमेवा :

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, पण प्रत्येक वेगळ्या पातळीवरून बोलतंय. मुलांना हेच दाखवा.

उंबर हे फळ नाही, फुलांची पिशवी आहे. सूर्यफुलाची चकती आत वळवून तिचं तोंड आवळलं तर जे होईल ते. काही हजार बारीक फुलं आतच राहतात, म्हणून तर क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. देठाच्या विरुद्ध टोकाला खवल्यांनी बंद केलेलं तोंड असतं. केंबराची मादी (शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्यूसिसेप्स) त्यातून घुसते आणि घुसताना तिचे पंख तुटतात. छातीवरच्या खिशांतून आणलेला पराग ती फुलांवर मुद्दाम पसरते आणि काही फुलांच्या अंडाशयात एकेक अंडं घालते. अंडं पडलं तिथं गाठ होते, बाकीच्या फुलांत बी धरतं.

आता पातळ्या बघा. एका फुलापुरतं पाहिलं तर अळीनं अंडाशय खाल्लं, निव्वळ नुकसान. अख्ख्या झाडापुरतं पाहिलं तर काही बिया देऊन परागीकरण विकत घेतलं, कारण उंबराला दुसरा परागवाहक नाही. हा सौदा जीवाच्या पातळीवर.

पण खरी गंमत जीवसंख्येत आहे, आणि पुस्तकं नेमकी तीच गाळतात. एका झाडावरच्या एका बहराची फळं साधारण एकाच वेळी एका टप्प्यावर असतात. मादी बाहेर पडते तेव्हा त्याच झाडावर तिला घेणारं कोवळं फळ बहुधा नसतंच, आणि आयुष्य उणंपुरं एक-दोन दिवसांचं. म्हणजे केंबरं टिकायला एक उंबर पुरत नाही. वेगवेगळ्या वेळी बहरणारी बरीच झाडं लागतात. नामिबियाच्या वाळवंटी भागात उंबराच्याच एका भाऊबंदाची केंबरं वाऱ्यावर १६० किलोमीटरपर्यंत गेल्याचं २००९ साली दाखवलं गेलं.

भिंगवाला :

प्रयोगाचं सांगतो. फळं कुजली कारण ती कोवळी तोडली असणार. देठ तुटला की पुरवठा थांबतो, अळी अर्धवट राहते आणि बुरशी आधी पोचते.

झाडाच्या खोडावरच घोस असतात, शिडी लागत नाही. फळ अजून घट्ट, हिरवा रंग नुकता फिका होऊ लागलेला, आणि सालीला एकही भोक नाही, असा घोस निवडा. त्यातलं एक उभं चिरा. चीक भयंकर चिकट, पातं आणि बोटं आधी खोबरेल तेलानं माखा. आत पिवळसर बिनपंखी नर फिरताना दिसले तर त्याच घोसातली फळं त्याच दिवशी घ्या. आत सगळं पांढरं, ओलं आणि गाठी बंद असतील तर आठवडाभरानं परत या. भोक पडलेलं फळ घेऊ नका, केंबरं उडून गेलेली असतात.

अर्धा लिटरच्या काचेच्या बरणीत तळाला टिपकागद, वर दोन किंवा तीनच फळं. तोंडाला झाकण लावू नका, वाफ धरते आणि केंबरं काचेला चिकटून मरतात. दुहेरी मलमल रबरानं बांधा. मच्छरदाणीच्या जाळीतून ती सहज निसटतात, कारण जेमतेम दोन मिलिमीटरची असतात. सावलीत ठेवा. नर आधी गाठी कुरतडून माद्यांशी जुगतात, मग सालीला बोगदा पाडतात. ४८ तासांत काही निघालं नाही तर ती फळं टाकून द्या. निघालेली केंबरं बरणीसकट १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवली की पांढऱ्या कागदावर मोजता येतात.

लाल डोळ्यांच्या माश्या दिसल्या तर ती केंबरं नव्हेत, पिकल्या फळावर येणारी फळमाशी आहे. मुलं इथं हमखास फसतात.

सडा_आणि_कातळ :

एक भर. बरणीतून निघालेलं सगळंच परागवाहक नसतं. ज्यांच्या मागे शरीराहून लांब सुई आहे, ती फुकटी, म्हणजे पराग न आणता नुसती अंडी घालणारी. ती आत शिरतच नाहीत, सालीतून बाहेरूनच सुई खुपसून अंडी घालतात. त्यांतल्या अपोक्रिप्टा जातीच्या सुईच्या टोकाला जस्त असतं, हे २०१४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं. काही जाती फुलात स्वतःच्या गाठी करतात, काहींच्या अळ्या दुसऱ्यांच्या अळ्यांवर वाढतात. समुदायाची पातळी इथं सुरू होते.

पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या त्या झाडावर असतील तर सोन्याहून पिवळं. सुईवाल्यांना वेळ लागतो, त्या फळावर खिळून उभ्या असतात, आणि मुंग्या त्यांना उचलतात. मुंग्या असलेला एक घोस आणि नसलेला एक घोस घ्या, दहा-दहा मिनिटं सुईवाल्या मोजा. शिवाय परागवाहक मादीच्या अंगावर सूत्रकृमी (दोऱ्यासारखे अगदी बारीक जंत) प्रवास करतात. थोडे असले तर तिला फारसा त्रास नाही, गर्दी झाली की तिचं आणि फळाचंही नुकसान. म्हणून तक्त्यात त्यांना परजीवी किंवा सोबती असं एकच नाव चिकटवू नका.

खडू_फळा :

भिंगाचा भाग जमेल. पण आवारात झाड एकच, मग जीवसंख्या कशी दाखवू?

रानमेवा :

गावातले, ओढ्याकाठचे, देवळाजवळचे निदान आठ-दहा उंबर नकाशावर टाका. प्रत्येकाला नंबर, आणि दर आठवड्याला एक अक्षर: क कोवळं, ह घट्ट हिरवं, न केंबरं निघणारं, प पिकलेलं, र रिकामं. तीन महिन्यांच्या कागदावर एका झाडापुढे 'न' असताना दुसऱ्या कुणापुढे 'क' आहे का, हे मुलांनाच शोधू द्या. 'प'च्या आठवड्यात एक फेरी पहाटे आणि एक दिवेलागणीनंतर करा. सकाळी हरियाल आणि तांबट असतात, रात्री वटवाघळं, आणि यांतली तांबट आणि वटवाघळं बी दूर नेतात.