जैवसुरक्षा की जैवसुरक्षितता? आणि ‘निष्क्रिय’ विषाणू

प्रश्न : घातक विषाणूंवरच्या संशोधनाच्या बातम्यांत बायोसेफ्टी आणि बायोसिक्युरिटी या दोन्हींसाठी ‘जैवसुरक्षा’च लिहितात. फरक कसा दाखवावा?

उत्तर : चुकून होणारा संसर्ग टाळणे ही ‘जैवसुरक्षितता’ (बायोसेफ्टी). खोलीतला हवेचा ऋणदाब (आतली हवा बाहेर जाऊ नये म्हणून कमी ठेवलेला दाब), हवेतले सूक्ष्म कण अडवणारी हेपा गाळणी, दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारे ऑटोक्लेव्ह हे सगळे तिच्यात येते. नमुन्यांची चोरी आणि गैरवापर रोखणे ही ‘जैवसुरक्षा’ (बायोसिक्युरिटी). फरक पाळायलाच हवा, कारण दारावर कितीही पहारा ठेवला तरी हातात घुसणारी सुई त्याने अडत नाही.

भर : ‘चौथ्या पातळीचा विषाणू’ हा शब्दप्रयोगही टाळावा. पातळी (बंदोबस्ताची, पहिली ते चौथी) प्रयोगशाळेची असते, विषाणूचा असतो तो जोखीमगट. कोविडच्या नमुन्यांची पीसीआर चाचणी दुसऱ्या पातळीवर होते, तोच विषाणू पेशींत वाढवायचा तर तिसरी पातळी लागते.

प्रश्न : आणि प्रयोगशाळेतून विषाणूची ‘गळती’ झाली असे कधी लिहावे?

उत्तर : 2007 साली इंग्लंडमध्ये पिरब्राइटच्या प्राणिरोग प्रयोगशाळांच्या आवारातून लाळ्या-खुरकुताचा विषाणू बाहेर पडला, तिथे सांडपाण्याची वाहिनीच खराब होती. ती खरी गळती. 2004 मध्ये बीजिंगच्या एका प्रयोगशाळेतून सुरू होऊन सार्सची 9 जणांना लागण झाली व एक मृत्यू झाला. तिथे काही फुटले नव्हते. नीट निष्क्रिय न झालेला, म्हणजे संसर्गाची क्षमता पूर्ण न गेलेला विषाणू कमी बंदोबस्ताच्या खोलीत हाताळला गेला होता. याला ‘प्रयोगशाळाजन्य संसर्ग’ म्हणावे.

म्हणूनच या सगळ्यांत ‘निष्क्रिय’ हा शब्द मला सर्वांत जोखमीचा वाटतो. उष्णता किंवा फॉर्मॅलिन दिले एवढ्याने तो लावता येत नाही. प्रक्रियेनंतर रसायन काढून टाकायचे, नाहीतर त्यानेच पेशी मरतात आणि उरलेला विषाणू दिसत नाही. मग जिवंत विषाणू उरला असेल तर तो वाढून दिसावा म्हणून नमुना ताज्या पेशींवर घालायचा, त्यातला द्रव पुन्हा नव्या पेशींवर, असे दोन-तीन फेरे. शेजारी प्रक्रिया न केलेला नमुना तुलनेला हवाच. चुकते ते बहुधा साध्या जागी: नळीच्या झाकणाला लागलेला थेंब तापत नाही, गुठळीच्या आतल्या विषाणूपर्यंत रसायन पोचत नाही, किंवा पद्धत तपासली त्याहून दाट नमुना घेतला जातो. 1955 मध्ये अमेरिकेत पोलिओ लशीच्या काही खेपांत जिवंत विषाणू उरला होता आणि मुले लुळी पडली.

भर : ‘क्षीण केलेला’ हा ‘निष्क्रिय’चा पर्यायी शब्द नव्हे. क्षीण विषाणू शरीरात वाढतो, निष्क्रिय वाढत नाही. पोलिओची तोंडावाटे देतात ती लस क्षीण विषाणूची, टोचतात ती निष्क्रिय विषाणूची.