वुडपिजनसाठी डिकॉय: शेल, फुल-बॉडी की फ्लॉक केलेले? सल्ला हवा

ओलाबांध
नमस्कार मंडळी. मुक्काम सफोक, इंग्लंड. ओळखीच्या एका शेतकऱ्यानं त्याच्या शेतावर वुडपिजन (इथलं रानकबूतर) मारायची परवानगी दिली आहे, लेखी. एका तुकड्यात नुकताच वाटाणा पेरलाय, लगतच्या तुकड्यात रेप (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) उभं आहे. पेरणी झाल्यापासून कबुतरं उतरतायत, आणि कोंब वर आले की खुडून नेतात. मोठा आवाज करून पक्षी बुजवणारी गॅस गन लावून झाली, पतंग लावून झाले. चार दिवस पक्षी बिचकतात, मग गॅस गनच्या शेजारी बसून चरतात.

शॉटगन सर्टिफिकेट आहे, बारा बोअरची दोननळी आहे, पण आजवर फक्त क्ले (सरावासाठी हवेत उडवतात त्या चकत्या) फोडले आहेत. डिकॉय, म्हणजे पक्ष्यांना भुलवायला मांडायचे नकली पक्षी, कधी हाताळलेले नाहीत. दुकानात शेल, फुल-बॉडी, फ्लॉक केलेले, घडीचे कापडी असे प्रकार दिसले, शिवाय मॅग्नेट (मोटारीवर पक्षी गोल फिरवणारं यंत्र), फ्लॅपर (पंख फडफडवणारा), बाउन्सर. कुठले घ्यावेत, किती घ्यावेत, आणि मॅग्नेट पहिल्यापासून लागतो का? गाडी फाटकाशी ठेवून बरंच चालावं लागतं, त्यामुळे ओझ्याचाही विचार आहे.

टेम्सकाठी
मूळ प्रश्न बाजूला ठेवून एक विचारते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे, आपण सगळे त्यातच वाढलो. इथे शेतकऱ्यानं हो म्हटलं की पुरतं का?

दोननळी
नाही ताई, पुरत नाही. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडमध्ये रानपक्ष्यांना 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टचं संरक्षण आहे आणि वुडपिजनही त्यात येतो. त्याला मारता येतं ते सर्वसाधारण परवान्याखाली. इंग्लंडमध्ये पिकांचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेचा जीएल 42 हा परवाना आहे. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पण अटी मात्र आपल्यालाच लागू होतात: नुकसान खरोखर होत असलं पाहिजे किंवा होण्याची खरी शक्यता पाहिजे, आणि बुजवण्याचे साधे उपाय आधी करून पाहिलेले पाहिजेत. ओलाबांध यांनी गॅस गन आणि पतंगांचं लिहिलंय, ते म्हणूनच महत्त्वाचं आहे. तारखांसकट कुठेतरी टिपून ठेवा. स्कॉटलंड आणि वेल्सचे परवाने वेगळे, अटीही वेगळ्या. परवाना मुदतीचा असतो, तेव्हा नवा आला की पुन्हा वाचायचा.

डिकॉयच्या धाग्यावर हेही सांगितलंच पाहिजे: त्याच कायद्याच्या कलम 5 प्रमाणे बांधलेला किंवा जखमी जिवंत पक्षी डिकॉय म्हणून वापरता येत नाही, आणि मुद्रित आवाजही लावता येत नाही. फोनवर कबुतराचं घुमणं वाजवायची कल्पना कुणाच्या डोक्यात येत असेल तर ती तिथेच सोडा.

शिवारनजर
ओलाबांध, सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत नवीन माणसाचे पैसे नको तिथे जातात.

डिकॉय पक्ष्याला शेतावर आणत नाही. पक्षी त्या शेतावर यायलाच निघालेला असतो, आपण त्याला फक्त तुमच्यासमोरच्या तीस यार्डांत उतरायला राजी करतो. म्हणून आधी दुर्बीण घेऊन बांधावर बसा. कुठल्या झाडांवरून निघतात, कुठल्या कुंपणाच्या कडेनं येतात, शेताच्या कुठल्या भागात आधी उतरतात, हे कळल्याशिवाय शेतात एकही डिकॉय मांडू नका. वुडपिजनच्या वाटा ठरलेल्या असतात, झाडांची रांग, कुंपण, दरीचा उतार धरून येतात. त्या वाटेपासून दोनशे यार्ड बाजूला बसलात तर सगळ्यात महागडी मांडणीही ओस राहील.

आता वस्तूंबद्दल. मी तीन गोष्टी बघतो: चमकत नाही ना, वाऱ्यावर हलतं ना, आणि पाठीवर वाहून नेता येतं ना.

शेल म्हणजे पोटाकडून पोकळ, नुसती पाठ आणि डोकं. एकात एक बसतात, त्यामुळे डझनभर शेल छोट्या पिशवीत मावतात. काडीवर सैल बसवले की वाऱ्यात डुलतात, आणि दाणे टिपणारा पक्षी असाच हलत असतो. वरून येणाऱ्या पक्ष्याला पाठच दिसते, पोट नाही हे त्याला कळत नाही. तुमच्या वाटाण्यासारख्या बुटक्या पिकात शेल उत्तम. उंच धसकटात ते बुडतात, तिथे लांब काड्या लागतात.

फुल-बॉडी जवळून फार देखणे वाटतात, पण ते आपल्याला. जागा खातात, जड असतात, आणि बरेचसे वाऱ्यात ढिम्म उभे राहतात. एखाद-दुसरा झाडाच्या उघड्या फांदीवर काठीनं चढवून ठेवायला चांगला, मांडणीचा पाया म्हणून नको.

चमक हा खरा शत्रू आहे. पावसाची सर येऊन गेली आणि ऊन पडलं की साधं प्लास्टिक लखलखतं. खरं पीस ओलं झालं तरी तसं लखलखत नाही. येणारा थवा साठ-सत्तर यार्डांवर एकदम वळला तर आधी डिकॉयकडे बघा. फ्लॉक केलेल्यांवर मखमलीसारखा थर असतो, तो प्रकाश परतवत नाही. एवढ्या एका गुणासाठी मी फ्लॉक केलेले शेल घ्या असं म्हणेन. सकाळी दव किंवा हिम साचलं असेल तर मात्र तेही पुसावे लागतात. पाठीवर पांढरं हिम घेऊन बसलेलं कबूतर चरत नसतं.

संख्या: वसंतातल्या पेरणीवर डझनभर पुरतात. हिवाळ्यात रेपवर मोठमोठे थवे असतात तेव्हा जास्त लागतात, पण तो वेगळाच खेळ आहे. एका शेतावरून उठले की थवा पुढच्या शेतावर जातो, आणि तिथे कुणी उठवणारा नसेल तर परत येतच नाही. नवीन माणसानं वसंतातली पेरणी आणि ऑगस्टमधलं धसकट यांवर हात बसवावा.

मांडणी: वारा पाठीमागून किंवा खांद्यावरून येईल अशी लपणाची जागा. वुडपिजन वाऱ्याला तोंड करून उतरतो, म्हणजे तो समोरून तुमच्याकडे येतो. लपणासमोर वीस-पंचवीस यार्डांवर घोड्याच्या नालाचा आकार करा, उघडं तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे जिकडून पक्षी येणार तिकडे. मधली मोकळी जागा हे उतरण्याचं अंगण. दोन डिकॉयमध्ये निदान दोन-तीन पावलं अंतर ठेवा, कारण चरताना पक्षी पसरलेले असतात आणि संशय आला की एकत्र येतात. तोंडं साधारण वाऱ्याकडे, पण सगळी एका रेषेत नकोत. पाठीकडून वारा लागून पिसं उलटी फिरतील असा पक्षी बसत नाही, पण कवायतीलाही उभा राहत नाही.

पैसे उरले तर बाउन्सर घ्या. लवचीक काठीच्या टोकाला पंख पसरलेला पक्षी, वाऱ्यावर वरखाली होतो. बॅटरी नाही, वायर नाही. उतरत्या पक्ष्याचा पंखांवरचा पांढरा पट्टा लांबून चमकतो, ते दृश्य बाउन्सर देतो. मॅग्नेट नंतर बघू.

टेकडीपलीकडे
शिवारनजर यांच्याशी बाकी सगळ्यात सहमत, मॅग्नेटबद्दल नाही. मी हॅम्पशरमध्ये उघड्या, मोठ्या शेतांवर असतो. तिथे झाडांच्या रांगा दूर, पक्षी उंचावरून जातात, आणि डझनभर शेल त्यांच्या नजरेत भरतच नाहीत. मॅग्नेटच्या दोन दांड्यांवर दोन पक्षी फिरायला लागले की तीनशे-चारशे यार्डांवरचा थवा वाट वाकडी करून बघायला येतो. बारा व्होल्टची बॅटरी जड आहे हे खरं, पण शेतकऱ्याची गाडी बांधापर्यंत जात असेल तर अडचण नाही.

घ्यायचाच तर वेग कमी-जास्त करता येणारा घ्या. एकाच वेगाचा मोटार-संच भर वाऱ्यात पक्षी गरगर फिरवतो आणि येणारे बुजतात.

शिवारनजर
उघड्या माळासाठी तुमचं म्हणणं मान्य. मला खटकतो तो त्याचा सरसकट वापर. ज्या शेतांवर दर आठवड्याला कुणी ना कुणी मॅग्नेट लावतं तिथले पक्षी तो ओळखतात. लांबून येतात, पन्नास यार्डांवर फाकतात आणि निघून जातात. नवीन माणूस मग गतीच बदलत बसतो. असं दिसलं तर सरळ बंद करून बाजूला काढायचा. आणि मांडायचा तर उतरण्याच्या मोकळ्या जागेत नको, वाऱ्याच्या बाजूला, नालाच्या टोकाशी. नाहीतर ज्या जागेत पक्ष्यानं यायचं तिथेच फिरतं यंत्र उभं राहतं.

सफोकच्या त्या शेताला कुंपणं आणि झाडं आहेत का, ओलाबांध? असतील तर मी म्हणेन, थांबा.

ओलाबांध
पश्चिमेला ओकची रांग आहे आणि मधोमध जुनं कुंपण, काल संध्याकाळी बघून आलो. पक्षी ओकवरून निघून कुंपणाच्या कडेनंच येतात, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. मग मॅग्नेट तूर्त नाही.

अजून एक. सगळीकडे वाचतोय की खरे मारलेले पक्षी हेच उत्तम डिकॉय. पण पहिल्या दिवशी ते आणायचे कुठून?

दोननळी
पहिल्या दिवशी शेलवर सुरुवात करा. जसजसे पक्षी पडतील तसतसे ते शेलच्या जागी मांडत जा. खऱ्या पिसाचा रंग प्लास्टिकला येत नाही. पण मांडा नीट: पंख मिटलेले, छाती जमिनीकडे, हनुवटीखाली छोट्या काडीचा आधार, म्हणजे डोकं जिवंत पक्ष्यासारखं राहतं. उताणे पडलेले पक्षी तसेच ठेवू नका. फिकट पोट आणि विस्कटलेले पंख वरून लगेच दिसतात, आणि पुढचा थवा तिथूनच वळतो. हवेत पक्षी नाहीत अशी वेळ साधून पटकन उठा, आवरा, परत या.

चार-सहा चांगले, कमी छर्रे लागलेले पक्षी पंख मिटवून कागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, पुढच्या वेळी सुरुवातीलाच उपयोगी पडतात. बाकीचे खायचे. मांस फार चवदार असतं, वाया घालवायचं नाही.

पानगळ
मी बंदूक चालवत नाही, पक्षी बघते, पण इथे लिहिणं गरजेचं वाटलं. तुमच्या डिकॉयवर फक्त वुडपिजन येणार नाहीत. स्टॉक डव्ह, कबुतराचीच दुसरी जात, त्याच शेतांत, त्याच थव्यांत चरतो आणि डिकॉयवर तितक्याच विश्वासानं उतरतो. तो जीएल 42 च्या यादीत नाही, त्याला पूर्ण संरक्षण आहे. ओलाबांध यांनी आजवर क्लेच फोडलेत, म्हणून कळकळीनं सांगते, ओळख पक्की होईपर्यंत ट्रिगरवर बोट नको.

मानेवरच्या पांढऱ्या डागावर विसंबू नका, वुडपिजनच्या पिल्लांना तो नसतो. पंख बघा. वुडपिजनच्या पंखावर उडताना ठळक पांढरा आडवा पट्टा दिसतो, पिल्लांच्याही. स्टॉक डव्हच्या अंगावर पांढरं कुठेच नाही: राखाडी पंख, काळसर कडा, दोन छोट्या काळ्या रेघा, मानेवर हिरवट झाक. आकारानं लहान, पंखांची फडफड जलद. शर्यतीची कबुतरंही येतात, आणि ती कुणाच्या तरी मालकीची असतात. थेट, वेगानं, कुठेही न रेंगाळता जाणारा पक्षी दिसला तर जाऊ द्या.

पांढरा पट्टा दिसला नाही तर बंदूक खांद्याला लावायचीच नाही, एवढा एकच नियम ठेवलात तरी पुरेल.

शिवारनजर
पानगळ ताई, मनापासून आभार, हे मीच आधी लिहायला हवं होतं, पण तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत. ओलाबांध, वरची खूण पाठ करा. पहिल्या दिवशी बंदूक न घेता नुसते डिकॉय मांडून लपणात बसा आणि येणारा प्रत्येक पक्षी ओळखा. मांडणी बरोबर आहे की नाही तेही त्यातच कळतं.

ओलाबांध
हे पटलं, येत्या रविवारी तेच करतो. फ्लॉक केलेले शेल डझनभर आणि एक बाउन्सर, एवढं घेतोय. लपणाच्या जाळीचं काही?

टेकडीपलीकडे
जाळीचा रंग तिथल्या कुंपणाशी जुळेल असा. समोरून दाट जाळी लावण्यापेक्षा पाठीमागे काहीतरी असणं महत्त्वाचं, नाहीतर आकाशावर तुमची आकृती उमटते. चेहरा आणि हात झाका, वरून येणाऱ्या पक्ष्याला तेच आधी दिसतात. आणि पक्षी अंगावर येईपर्यंत हलू नका. बाकी महागड्या जाळीची गरज नाही.

शेतातून सार्वजनिक पायवाट जाते का ते नकाशावर बघून ठेवा. पूर्व इंग्लंडमध्ये अशा वाटा खूप आहेत. जिकडे वाट, तिकडे बंदुकीचं तोंड नाही, आणि कुंपणाच्या उंचीवरचा पक्षी सोडायचा, मागे कोण चालतंय ते दिसत नाही.

दोननळी
डिकॉयचा अजून एक उपयोग, क्लेवरून आलेल्यांसाठी खास. लपणापासून पस्तीस पावलं मोजून तिथे सगळ्यात लांबचा शेल ठेवा. त्याच्या पलीकडचा पक्षी कितीही मोठा दिसला तरी मारायचा नाही. उघड्या शेतात अंतराचा अंदाज हमखास चुकतो, आणि लांबवर झाडलेल्या गोळीनं पक्षी मरत नाही, जखमी होऊन कुंपणात जातो. जखमी पक्षी दिसला की बाकी सगळं थांबवून आधी त्याला शोधून संपवायचं. 6 नंबरचे छर्रे, 28 ते 32 ग्रॅमचं काडतूस पुरेसं आहे.

ओलाबांध
पस्तीस पावलांचा शेल लक्षात ठेवतो. फ्लॉक केलेले सांभाळायचे कसे? दुकानदार म्हणाला, थर निघतो.

शिवारनजर
एकमेकांवर घासले की निघतो. एकात एक बसवताना मधे जुन्या कापडाचा तुकडा घाला. काड्या वेगळ्या पिशवीत, शेलबरोबर कधीच नको. घरी आल्यावर पिशवी उघडून वाळवा, ओले बंद ठेवले तर बुरशी येते. चिखल ओला असताना चोळू नका, वाळू द्या आणि मऊ ब्रशनं झटका. डोक्यावरचा थर आधी जातो, तिथे चमक न येणारा राखाडी रंग कापसानं टिपला की काम भागतं. रविवारी पक्षी कुठे वळले, कुठे उतरले ते इथे लिहा, वाऱ्याची दिशाही सांगा, म्हणजे नाल कुठे सरकवायची ते बघता येईल.